भाऊसिंगच्या वाट्याचा रेडिओ

पुंजाजींना मी नीट ओळखत होतो असं म्हणणं खोटं होईल. त्यांच्या घरात मी कधी गेलो नाही. त्यांना मुली किती, हेही मला त्यांच्या माघारी कळलं. लिहिण्याची मला सवय नाही, त्यामुळे हे कागदावर नीट उतरेल की नाही कोण जाणे. पण त्यांची आठवण आली की आजही मी सावरून बसतो.

१९७४-७५ची गोष्ट असावी. आमच्या गावात, इंझोरीत, ग्रामपंचायतीचा रेडिओ होता आणि त्याच्या पेटीची किल्ली पुंजाजींकडे असे. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा. गावातली माणसं ओट्यावर जमून ऐकायची आणि मग ऐकलेल्यावर बोलणं व्हायचं. पुंजाजी अध्यक्ष वगैरे नव्हते. पण एकाचं बोलणं पुरं होईपर्यंत ते दुसऱ्याकडे बघत नसत, आणि त्यांनी बघितल्याशिवाय कोणी तोंड उघडत नसे. नुसत्या नजरेनं एवढी माणसं कशी धरून ठेवता येतात, मला अजून उमगलेलं नाही.

अपवाद एकच, जानराव. मोठे बागाईतदार, जिभेला तिखट. कार्यक्रम चालू असतानाच त्यांची टिंगल सुरू व्हायची.

त्या वर्षी जवळच्या तांड्यावरचा भाऊसिंग येऊ लागला. मागे चपलांपाशी बसायचा, बोलायचा नाही. दिवाळीच्या सुमारास एकदा पुंजाजींची नजर त्याच्यावर थांबली, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "आमी आता ऊसतोडीले जातो. उन्हाळ्यात येऊ. तवरक रेडिओ जे सांगन, ते आमाले कसं समजन?"

"डोक्शावर बांधून ने ना रेडिओ!" जानराव म्हणाले. "उसाले बी आयकव!"

ओटा हसला. भाऊसिंगनं चपलांत पाय घातले. तो आता पुन्हा येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

"भाऊसिंग, बस," पुंजाजी म्हणाले. आवाज चढला नाही. "तुह्या सवालाचा जवाब बाकी हाय." मग ते वळले. "जानराव, हा येईपर्यंत याच्या वाट्याचं तुमी आयकाचं. आला की त्याले सांगाचं."

"मी? कायले?"

"तुमची याददाश्त चांगली हाय. कोनाचं काय चुकलं, तुमाले सालोसाल ध्यानात राह्यते."

आता लोक जानरावांना हसले. पण पुंजाजी हसले नाहीत, आणि हसू तिथंच विरलं. भाऊसिंग खाली बसला.

त्या हिवाळ्यात जानराव रेडिओला अगदी खेटून बसायचे. कोणी कुजबुजलं तर तेच दटावायचे, "चूप रे, मले सांगा लागते त्याले!" टिंगलीला त्यांना सवडच उरली नाही. पुंजाजींनी मात्र त्यांना एकदाही आठवण करून दिली नाही, की तपासलं नाही. हे मी रोज बघत होतो आणि थक्क होत होतो.

भाऊसिंग उन्हाळ्यात परतला. तो ज्या संध्याकाळी ओट्यावर आला, तिच्या दुसऱ्या सकाळी मी नोकरीसाठी अकोल्याला निघालो. पुढे गावी येणं होईपर्यंत पुंजाजी गेले होते, म्हणून त्यांच्यासोबतची ती संध्याकाळ शेवटची ठरली. जानरावांनी भाऊसिंगला चपलांपासून उठवून शेजारी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली: बियाणं, खत, कपाशीवरची कीड. भाऊसिंग मध्येच विचारायचा, "अन् फवारा कवा माराचा?" जानराव न चिडता पुन्हा सांगायचे. कार्यक्रमाची वेळ झाली, तरी पेटी बंदच होती.

"काकाजी, रेडिओ लावाचा ना?" मी हळूच विचारलं.

"थांब जरा," पुंजाजी म्हणाले. "जानराव सांगून राह्यले."