तीन कोऱ्या नोटा

बुधवार, २२ नोव्हेंबर १९७८ रोजी आन्सेल्मो बालुयुत कोबेतल्या किनुगासांच्या घरी दुखवट्याच्या पाकिटात तीस हजार येन घालून गेला. तो जिथे पियानो वाजवी त्या बारचे मालक, मास्टर किनुगासा, आदल्या दिवशी वारले होते.

आन्सेल्मो फिलिपिन्समधल्या पाम्पांगाचा. १९५२ साली जपानमधल्या अमेरिकन छावण्यांत जॅझ वाजवायला आलेल्या सात जणांतला एक. छावण्या उठल्या, सहा जण परतले. हा राहिला, कारण बंदराजवळच्या बारमध्ये मास्टरनी त्याच्यासाठी पियानो आणला आणि त्याच्या राहण्याच्या परवान्यावर जामीन म्हणून आपला शिक्का मारला. तेव्हापासून प्रत्येक नूतनीकरणाला तोच शिक्का. पगार दर शनिवारी, कोऱ्या नोटांत. "वाजवणाऱ्या हातात मळकी नोट शोभत नाही," मास्टर म्हणायचे. कोरी नोट म्हणजे मान, एवढं आन्सेल्मोने मनात पक्कं धरलं. दुखवट्याचे पैसे मात्र मास्टर सगळ्या बारतर्फे एकत्र द्यायचे. स्वतः पाकीट भरायची त्याची ही पहिलीच वेळ.

परवाना डिसेंबरअखेर संपत होता. शिक्का आता मास्टरच्या मुलाच्या, शिगेकीच्या, हातात होता.

दाराशी नोंदवहीत रक्कम लिहायला शिगेकीने पाकीट उघडलं आणि नोटा दिव्याकडे धरल्या.

"वा, पियानोकाका! बाबा कधी जातायत याची वाट बघत काढून ठेवल्या होत्यात वाटतं?"

"सव्वीस वर्षं राहून एवढं कळू नये?" मागून त्याची आत्या म्हणाली. "दुखवट्याला का कुणी कोरी नोट देतं?"

"हळू बोल, त्याला सगळं समजतं," शेजारची बाई तिला कुजबुजली.

"समजतं तर मग आणली कशाला!"

शिगेकीने पैसे ठेवून घेतले आणि वहीतल्या आन्सेल्मोच्या नावावर रेघ मारली. "डिसेंबरच्या शिक्क्याचं माझ्याकडे काढू नका, काका. बारमधल्या तुमच्या पियानोच्या कोपऱ्यात मला गाण्याचं यंत्र बसवायचंय. गिऱ्हाईक स्वतःच गातं, वर पैसेही देतं."

आन्सेल्मो कमरेत वाकला आणि बूट घालायला बसला.

मास्टरची बायको तोमिए त्याचं पाकीट घेऊन बाहेर आली. "आन्सेल्मो-सान, या नोटा शनिवारच्या पगाराच्याच ना? बँकेतून मीच आणते. ओळीने आकडे आहेत."

"हो. रुग्णालयात खाटेवरून दिल्या त्यांनी."

"अख्खा पगार? मग चार दिवस खाल्लंस काय?"

"खाल्लं काहीतरी. त्यांच्या हातचा शेवटचा पगार मोडवेना, तोमिए-सान."

तिने आत जाऊन मुलाला सांगितलं. शिगेकीने वहीचं पान उलटलं.

डिसेंबरात त्याने शिक्का मारला. "एक वर्ष. आईसाठी," तो म्हणाला. "पण यंत्र येणार."

जानेवारीत चार हमालांनी पियानो उचलला. आन्सेल्मोने एक बाजू धरायला हात पुढे केला, तर हमाल म्हणाला, "म्हातारबा, बोटं सांभाळा." आता कोबेत राहायची परवानगी होती, वाजवायला जागा नव्हती. रविवारी एका हॉटेलात लग्नाच्या जेवणावळीला तो वाजवी. तिथे पियानोकडे पाठ करून लोक जेवत.

दुखवटा संपतो त्या एकोणपन्नासाव्या दिवसानंतर किनुगासांकडून वहीबरहुकूम सगळ्यांना परतभेटी गेल्या, प्रत्येकाच्या रकमेच्या निम्म्या किमतीचा चहा. रेघ मारलेलं नाव कोणी परत लिहिलं नव्हतं. आन्सेल्मोची पंधरा हजार येनांची परतभेट अजून यायची आहे.