ऊर्मीचा घास

आवडी शहरातल्या कारखान्यात धडाडणाऱ्या यंत्रांशेजारी गजेंद्र बिनधास्त उभा राहायचा. पण घरात कुणाला उलटी झाली, की त्याचं धाबं दणाणायचं. २००६च्या उन्हाळ्यात बायको विमला आणि लहानगी ऊर्मी, दोघींना उलट्या-जुलाब लागले. गजेंद्रने स्वतःचा पेला वेगळा केला, अंथरूण गॅलरीत नेलं आणि कोपरापर्यंत हात धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेतली.

शेवटी विमला वैतागली. "अहो, पोरीजवळ नुसते बसा तरी! नंतर साबणाने एकदा हात धुवा. डॉक्टर तेवढंच म्हणालेत."

तो बसला. पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसला. उठल्यावर त्याने हात धुतले, आणि पुन्हा नळाकडे वळलेला पाय मुद्दाम मागे घेतला.

बरं वाटल्यावर ऊर्मी आपल्या हाताने दहीभात खायला बसली. पहिलाच घास तिने त्याच्यापुढे धरला.

"बाबा, आ करा."

गजेंद्रने त्या इवल्या बोटांकडे पाहिलं. "हात धुतलेस का?"

"हो, तुमच्यासारखे. कोपरापर्यंत."

तिच्या कोपराला अजून साबणाचा फेस चिकटलेला होता. गजेंद्रने आ केला.