चिंधी बांधलेलं वांगं

वांगं भाजताना साल करपल्याचा वास आला की मला अजून आईचा आवाज ऐकू येतो, आणि तो प्रेमळ नसतो. रत्नागिरीच्या आमच्या परसात ती कधीकाळी माहेरून आणलेल्या हिरव्या वांग्याचं बी दरवर्षी पेरायची. त्यातलं सगळ्यात चांगलं वांगं देठाला चिंधी बांधून झाडावरच पिकू द्यायची, आणि त्याचं बी राखेत घोळवून पुढच्या वर्षासाठी ठेवायची. चिंधी दृष्ट लागू नये म्हणून असते, अशी तेव्हा माझी समजूत. एकदा आई एका लग्नाला खेडला गेली असताना मी मित्रांना जेवायला बोलावलं, चिंधी सोडली आणि झक्कास भरीत केलं. परत आल्यावर ती आधी परसात गेली. "मेल्या, माझं बी खाल्लंस!" "एका वांग्यासाठी एवढं कशाला?" मीही आवाज चढवला. "झाडं वाळत आली रे, आता दुसरं कुठलं धरणार? माझ्या आईच्या हातचं होतं ते!" दुसऱ्या दिवशी अक्कल पाजळून मी उरलेल्या भरितातलं बी वेचलं आणि कुंडीत पेरलं. ती कडाडली, "भाजलेलं बी पेरतोस? मग शिजवलेला भातही लाव शेतात!" ते वांगं आमच्याकडे पुन्हा कधी झालं नाही. आज मी पन्नाशीचा आहे. परसात काहीही बियाण्यासाठी राखलं, की आई चिंधी बांधत नाही, मला माझ्या सुनेसमोर हाताला धरून झाडाशी नेते आणि बजावते, "नीट बघून ठेव. हे खायचं नाही."