लंगोटापर्यंतचं सरकार

गाठीचा ताप कोल्हापुरात शिरला तेव्हा महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी कचेरीत उमेदवार कारकून होतो आणि रोज सकाळी तालमीत जायचो. दरबारचा हुकूम निघाला होता. घरात उंदीर मरून पडला की रानातल्या झोपडीत राहायला जायचं, आणि काखेत किंवा जांघेत गाठ दिसली की त्याच दिवशी वर्दी द्यायची. तालमी मात्र अजून चालू होत्या.

मेहनत झाली की कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसून आम्ही या हुकमावर वाद घालायचो. माझं मत ठाम होतं, आणि दिवसभर हुकमांच्याच नकला करत असल्यामुळे ते जरा मोठ्या आवाजात होतं. साथीत सरकारने कुठेही शिरावं. सोवळं, पडदा, काही ऐकू नये. वस्ताद विरुद्ध बाजूला. ते मुसलमान, साठीला आलेले, बोलायला फटकळ.

"रस्तं झाडा म्हणावं, हिरी उपसा म्हणावं. पर सरकारनं लंगोटापत्तोर यायचं न्हाय," ते म्हणायचे. "आज गाठ बघत्याल, उद्या माझी माती उकरत्याल."

ती माती त्यांच्या वस्तादांच्या वेळेपासूनची होती. ताक, तेल, हळद मुरून मुरून लोण्यासारखी मऊ झालेली. तिच्यात कुणी चप्पल घालून उतरलं तर ते अंगावर धावून जात.

त्याच आठवड्यात माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. दोन दिवसांनी आंघोळ करताना जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. पायाला जखम झाली की असं अवधाण येतं, हे मला ठाऊक होतं. प्लेगची गाठही तिथेच येते, हेही ठाऊक होतं. मी वर्दी दिली नाही. सरळ घाबरलो. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, असं गाव म्हणायचं. एरवी गावाला अडाणी म्हणणारा मी, त्या दिवशी गावाचंच ऐकलं. कुणाला संशय नको म्हणून दोन दिवस सगळ्यांशी लढलो आणि वादही घातला.

तिसऱ्या सकाळी वस्तादांनी पाय ओढून माझा पट काढला आणि मी कळवळलो. त्यांनी मला बाजूला नेऊन पाहिलं.

"कवापासनं?"

"परवापासनं. अवधाण असेल, वस्ताद."

"आसंल की. मला बी तसंच वाटतंय. पर मला काय कळतंय? डाक्टरला कळंल. हितं चाळीस पोरं हाईत."

वर्दी त्यांनी स्वतः जाऊन दिली. पहिल्याच दिवशी मी बोललो असतो तर एकटा झोपडीत गेलो असतो. आता मी सगळ्यांच्या अंगाला अंग लावलेलं होतं, म्हणून अख्खी तालीम रानात गेली. हौदाही उकरायचं ठरलं. गाडीत टाकायची पहिली पाटी वस्तादांनीच भरून दिली, असं मला नंतर कळलं.

पाचव्या दिवशी टाच पिकून काट्याचं टोक बाहेर पडलं. गाठ बसली. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना सोडलं.

तालमीत गेलो तेव्हा वस्ताद नवी माती चाळत होते. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून आलो होतो.

"टाच बरी हाय का?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"मग चाळण धर."

मी चाळण धरली. जे ठरवून आलो होतो ते राहून गेलं, आणि पुढेही कधी बोललो नाही. त्यांनीही मला कधी बोल लावला नाही. ते गेले त्या वर्षीसुद्धा ती माती हाताला खरखरीतच लागत होती.