दारूच्या दुकानासमोर आबांचा आवाज

आमच्या घरात आबा आणि दादा एकमेकांशी बोलत नसत. दादाच्या दारूवरून बापलेकांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासूनचा अबोला घरात कायमचा मुक्कामाला आला. पण शेत एक, चूल एक, न बोलून भागणार कसं? मग आबा वहिनीला सांगायचे, "त्याला म्हनावं, मोटार बंद कर." दादा हातभर अंतरावर उभा असायचा. तोही वहिनीलाच म्हणायचा, "केलीया म्हनावं." मी नगरहून माहेरी गेले की मला हे बघून हसू यायचं आणि संतापही. दोन धडधाकट पुरुषांनी एका बाईला निरोप्या करून ठेवलं होतं.

दादा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला तेव्हा तिथल्या मॅडमनी त्याच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. फोन मधूनच थरथरायचा आणि विचारायचा, आत्ता प्यावंसं वाटतंय का? दादा जे बटण दाबेल ते मॅडमना तिकडे दिसायचं. शिवाय तो जिथं जाऊन प्यायचा, त्या जागेची नकाशावर खूण केलेली होती. तिथं जवळ फोन गेला की घरच्या माणसाचा आवाज मोठ्यानं वाजणार आणि मॅडमनाही कळणार. आवाज कुणाचा, ते आम्ही ठरवायचं होतं.

"मी बोलते की," वहिनी लगेच म्हणाली.

"दारूच्या दुकानापुढं घरच्या सुनंचा आवाज वाजवायचा? चारचौघांत?" आबा म्हणाले. "ते न्हाई जमायचं."

मी वाद घातला, पण माहेरवाशिणीचं कोण ऐकतो! घरातलं थोरलं माणूस म्हणून आबाच फोनपुढं बसले.

पहिल्या खेपेला त्यांनी बांधावरून हाक मारावी तशी खणखणीत शिवी हासडली. मी ती पुसली. रागवायचं नाही, मायेनं बोलायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. मायेनं म्हटल्यावर आबांना घाम फुटला. दोनदा नुसतेच खाकरले, एकदा "व्हय?" असं फोनलाच विचारलं. शेवटी खाली बघत हळूच म्हणाले, "आरं, ये घरी. मी जेवायचा थांबलोय." वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा उठून गोठ्याकडे निघून गेले.

आणि खरं सांगते, गुण आला. कोल्हारच्या अलीकडे, मनमाड रस्त्याला ते दुकान आहे. दादाची मोटारसायकल तिथं रेंगाळली की खिशातून आबांचा आवाज यायचा. जुने सोबती फिदीफिदी हसायचे, "बापाचं बोलावनं आलं बघ!" दादा गाडी वळवायचा. घरी आबा खरोखरच जेवायचे थांबलेले असत. त्याच्याशी बोलत मात्र नसत. "वाढ त्याला," एवढंच वहिनीला म्हणत.

थंडीत ऊसतोड चालू असताना शेतातच आबांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. प्रवरेच्या काठी दशक्रिया झाली. दादा रडला नाही. प्यायलाही नाही. आम्हाला मात्र त्याच्या गप्प राहण्याचीच धास्ती वाटत होती.

पुढे मी महिन्याच्या विधीला गेले होते, तेव्हा मॅडमचा वहिनीला फोन आला. दादा रोज संध्याकाळी त्या दुकानाजवळ जातोय, थांबतोय, असं त्यांना दिसत होतं. "वास तर येत न्हाई हो," वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाली. मॅडमचं म्हणणं, तो अगदी काठावर आलाय. गेलेल्या माणसाचा आवाज मनाला त्रास देत असेल, आता बायकोचा भरा. आता अडवायला कोणी नव्हतं. दादा आंघोळीला गेला तशी वहिनी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली, मी बटणं दाखवली. "अहो, घरी या. आम्ही वाट बघतोय." तिचं पहिल्या खेपेलाच जमलं. जुना आवाज पुसला जाईल, चालेल का, असं फोननं विचारलं. आम्ही होय दाबलं.

संध्याकाळी तो निघाला तशी मी वहिनीची स्कूटी काढून मागं गेले. तो दुकानात गेलाच नाही. रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला पंक्चरवाल्याच्या टपरीशी त्यानं गाडी लावली, फोन खिशातून काढून कानाला धरला आणि डोळे मिटले. दुकानाकडे त्याची पाठ होती.

फोनमधून वहिनी बोलली.

त्यानं दचकून फोनकडे पाहिलं. गाडी चालू केली, बरंच मागं गेला, वळून पुन्हा आला. पुन्हा वहिनीच. परत मागं गेला, परत आला. बिघडलेली मोटार चालू-बंद करून बघावी तसं त्याचं चाललं होतं. मला बघवेना. मी जवळ जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "परत आनता यील का?" एवढंच त्यानं विचारलं. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. नाही म्हणाल्या. त्यांचाही आवाज पडला होता. त्यांनी आमच्या भल्याचंच सांगितलं होतं आणि आम्हीही त्याच्या भल्यासाठीच केलं होतं.

दादा आजही पीत नाही आणि त्या रस्त्याला फिरकतही नाही. केंद्रातल्या लोकांना त्याचं फार कौतुक आहे.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर वहिनीनं ताट वाढलं आणि घाबरतच विचारलं, "चिडलात का हो माझ्यावर?"

"चिडू कशापायी?" तो भाकरी मोडत म्हणाला. "पन आबा माझ्याशी तेवढंच बोलले हुते गं."