मामींनी मोजलेले पत्रे

उद्या आकाशालाच टिनाचे पत्रे ठोकायचे ठरले, तर खर्च किती येईल हे बसल्या जागी सांगणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे. ते डोणगावात राहतात आणि ते माझे मामेसासरे आहेत. आकडा सांगण्याआधी ते फक्त एवढंच विचारतील, "उतार कोन्या बाजूनं देता?" माझ्याच लग्नात मी त्यांच्या पाया पडलो, तर आशीर्वाद देता देता त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मंगल कार्यालयाच्या छपराकडे गेली, आणि अक्षता मुठीतच धरून ते म्हणाले, "सुखी राहा, जावईबापू. एकशे साठ पत्रे हायेत. त्यातले चार फुकट घातले." कार्यालयाच्या मालकाने ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शिडी लावून मोजले, तर एकशे साठच निघाले, आणि चार खरंच फुकट गेलेले. तेव्हापासून तो मामांना पाहिलं की चप्पल काढून उभा राहतो.

टेपवर मामांचा काडीचा विश्वास नाही. "टेप उन्हानं लांबते. हात लांबत नाई." कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्यांचा हात बरोबर दीड फूट भरतो, आणि आसपासच्या गावांतले वेल्डर नवा टेप आणला की आधी मामांच्या हाताला लावून पाहतात, जुळला नाही तर टेप दुकानात परत जातो. एकदा मलकापुरात मी त्यांच्यासोबत होतो. दुकानदाराने पत्रा पुढे केला. मामांनी नखाने टिचकी मारली, कान लावला आणि डॉक्टरच्या गांभीर्याने म्हणाले, "हा जाडीत खोटं बोलून राह्यला." दुकानदार आत गेला आणि दुसरा पत्रा घेऊन आला. चिखलीच्या स्टँडवर मामा एसटीतून उतरले की पातळ पत्रे आपोआप गोडाऊनच्या मागच्या दाराने बाहेर पडतात, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, पण खडखडाट मात्र मी या कानांनी ऐकला आहे. आणि त्यांचा अंदाज म्हणजे नुसता पत्रा, पाइप आणि मजुरी नव्हे. स्क्रूखालची रबराची चकती त्यात असते, ट्रॅक्टरचं भाडं असतं, वेल्डरचा चहा असतो, आणि शेजारी उभे राहून सल्ला देतील त्यात मोडणारा अर्धा दिवससुद्धा असतो. ज्याचं शेजाऱ्याशी भांडण आहे त्याला तेवढी सूट.

असा हा माणूस, आणि त्यांच्या स्वतःच्या घरावर मात्र कवेलू, म्हणजे मातीची कौलं! गावातली वानरं त्या कवेलूंवर रोज सकाळी कबड्डी खेळत. पाऊस आला की मामी घरातले सगळे गंज, पातेली, बादल्या गळतीखाली मांडत आणि त्यांच्यामधून वाट काढत स्वयंपाक करत. "साऱ्या गावाले टिनं, अन् मले गंज," एवढंच म्हणत. मी एकदा मामांना विचारलं, "अहो, मग घालत का नाही पत्रे?" ते इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "अजून आपलं घर मोजलंच नाई ना. एकदा मोजलं का करा लागते, जावईबापू."

गेल्या उन्हाळ्यात मामींनी दोन लुगडी पिशवीत भरली आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगली. "औंदा पावसाच्या आत टिनं पडले नाई, तं मी चालली भावाकडे. अन् परत येनार नाई." मामी रागावून बोलल्या असत्या तर मामा घाबरले नसते. पण त्या शांतपणे बोलल्या. मामा घाबरले. नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर हिरवी पट्टी आणि वाकायची सक्त मनाई. मी मोजतो म्हटलं, तर म्हणाले, "तुमी नोका मोजू. मास्तराचा हात खडूनं झिजलेला राह्यते." तेव्हा मोजायला मामीच बसल्या. समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत कोपर टेकवत, बोट टेकवत, पदर सावरत त्या सरकत गेल्या, आणि बाजेवरून मामा विचारत राहिले, "किती झाले वं?"

"सोळा भरले."

"सोळा हात म्हनजे चोवीस फूट," मामा म्हणाले, आणि चिखलीला पत्रे सांगितले गेले. मामींची उंची मामांच्या खांद्यालाही पोचत नाही, मग त्यांचा हात दीड फूट कुठून भरणार, हे आम्हा तिघांपैकी एकालाही आठवलं नाही.

पत्रे आले, चढले, आणि घराच्या समोर टोपीच्या चोचीसारखे बाहेर आले. वेल्डरने टेप लावला. "मामा, तीन फूट जास्त हाये." जमलेल्या गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मामांच्या हिशेबावर हसू ऐकायची डोणगावची ती पहिलीच वेळ. मामींनी आपला हात एकदा पाहिला, पदराखाली घेतला आणि त्या आत गेल्या. दारातून मला दिसलं, त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली होती. "मले मोजताच नाई आलं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "साऱ्या तालुक्यात ह्यायचं हसं केलं मी."

बाहेर वेल्डरने कटर सुरू केला. "दहा मिनिटाचं काम हाये मामा. कापून टाकतो, कोनाले समजनार बी नाई." आणि खरंच होतं ते. कापलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळे विसरले असते. नाही कापलं, तर येणारीजाणारी प्रत्येक एसटी ती चूक पाहणार होती. मामा भिंतीचा आधार घेत उठले. एका डोळ्याने त्यांनी वर पाहिलं, मग दाराकडे.

"बंद कर बे ते मशीन."

"काऊन?"

"तिनं मोजून देल्लं हाय. तेवढंच राह्यते."

"लोकं हासतीन ना मामा!"

"हासू दे. समोरून दोन पाइप उभे कर अन् धर ते टिन."

"त्याचा खर्च—"

"कर मनलं ना!"

भाव न विचारता मामांनी लोखंड सांगितलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. आत पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने मामी चहा घेऊन बाहेर आल्या; वेल्डरला पहिला कप, हसणाऱ्याला दुसरा.

आता मामांकडे अंदाज विचारायला फारसं कोणी येत नाही. लोक मोबाइलवर पाहतात. मामाही अलीकडे थकलेत, दुपारची झोप लांबत चालली आहे. परवा गेलो तर त्या तीन फुटांच्या सावलीत बाज टाकून ते निजले होते आणि मामी उशाशी तूर निवडत होत्या. मी काही बोलणार, तोच त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "आत्ताच डोया लागला." ऊन सरकत सरकत बाजेच्या पायथ्याशी आलं होतं. मामींनी सूप खाली ठेवलं, उठल्या, आणि कुरकुर न होऊ देता ती बाज थोडी भिंतीकडे ओढली.