वांधो नहीं आणि वांधो नथी

आमच्या ह्यांच्या तोंडात एकच शब्द असायचा. दूध उतू गेलं, वांधो नहीं. आमटीत मीठ नाही, वांधो नहीं. स्कूटर बंद पडली की ती ढकलत घरी यायचे, घामाघूम होऊन दारात उभे राहायचे आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "वांधो नहीं गं." बडोद्यातल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. घरात आपण मराठीच बोलतो, पण हा गुजराती शब्द कधी आत आला आणि पाट मांडून बसला ते कुणालाच आठवत नाही. असू दे, राहू दे, काही बिघडलं नाही, सगळं त्यात आलं. मी चिडवायची, "अहो, मला बघायला आलात तेव्हाही हेच म्हणालात ना?" तर म्हणायचे, "तेव्हा मनातल्या मनात म्हटलं होतं."

त्याच शब्दानं आमचा घात केला. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

आम्ही मूळचे दांडिया बाजारातले. ह्यांची नोकरी गोरव्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात, ड्राफ्ट्समनची. दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर, जावा अशी गर्दी झाली तेव्हा आम्ही गोरव्याच्या पुढे एका नव्या सोसायटीत खालचं घर घेतलं. नव्वदनंतरची ती वर्षं. जो तो गावाबाहेर घर घेत होता, बँका बोलावून बोलावून कर्ज देत होत्या, आणि काल जिथे एरंडाचं शेत होतं तिथे आज सिमेंटच्या गोण्या पडलेल्या दिसत. आमच्या सोसायटीमागे एक लहानसं तळं होतं आणि त्याला लागून एक खोलगट मैदान. पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्या मैदानात उतरायचं आणि तिथून सावकाश तळ्यात जायचं. नवरात्रापर्यंत जमीन वाळायची, मग तिथे गरबा. थंडीत पोरांचं क्रिकेट. तळ्याच्या पलीकडे गुरं पाळणाऱ्या भरवाडांची वस्ती, त्यांच्या म्हशी तळ्यात डुंबत असायच्या.

मग एके दिवशी कळलं, आमच्या भागाचा नवा आराखडा होतोय. पुढच्या वीस वर्षांत रस्ते कुठून जाणार, दुकानं कुठे, बाग कुठे, हे सगळं ठरणार होतं आणि लोकांनीही आपलं म्हणणं द्यायचं होतं. ह्यांच्या अंगात वारंच संचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनचे सुटे भाग काढत बसलेला माणूस. म्हणाले, "अगं, आपल्या हातांनी आपलं गाव काढायचं. अशी संधी कुणाला मिळते?"

दर रविवारी सकाळी आमच्या घरी बैठक भरायला लागली. आमच्या सोसायटीचे लोक, समोरच्या गुजराती सोसायटीचे लोक आणि भरवाडांकडून एक म्हातारी. तिला सगळे बा म्हणत, आमच्याकडे दूधही तिच्याच घरचं यायचं. गुजराती सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, ह्यांच्याहून वयानं मोठे. ह्यांनी त्यांना पहिल्या दिवसापासून मोटाभाई म्हटलं आणि त्यांनीही मोठ्या भावासारखी सगळी सूत्रं हातात घेतली. मी चहाची पातेली चढवायची आणि कुरकुरायची. पण खरं सांगते, मला आवडायचं ते. घराला जाग असायची.

भांडणं तर काय विचारू नका! आमच्या मराठी लोकांना तळ्याकाठी गणपती विसर्जनाचा घाट हवा होता. समोरच्यांना गाड्या ठेवायला जागा हवी होती, कारण त्यांच्यात तेव्हा दोघांनी नव्या मारुती घेतल्या होत्या आणि बाकीचे घेणार होते. बाला म्हशींची उतरण हवी होती, आणि नेमकी तिथेच, जिथे आम्हाला घाट हवा होता. आमच्यातले एक काका तावातावानं म्हणाले, "म्हशींच्या शेणात बाप्पाला बुडवायचं का?" बा शांतपणे म्हणाली, "ते दाडे भेंसो घेर बांधीशुं, भाई." त्या दिवशी म्हशी घरी बांधू. संपलं भांडण. ह्यांनी तिथल्या तिथे कागदावर एकच उतरण काढली आणि खाली लिहिलं, गणपती व म्हशी.

ह्यांची कामाची रीत वेगळीच होती. घरी बसून नकाशा काढायचा नाही. पाऊस थांबला की सगळ्यांना बाहेर काढायचे, चुन्याची बादली द्यायचे आणि म्हणायचे, जिथे पाणी साचलंय त्याच्या कडेनं रेघ मारा. मोटाभाई पांढरा लेंगा वर खोचून, बा ओढणी डोक्यावर घेऊन, मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चुना, असे आम्ही चिखलातून फिरायचो. सोसायटीतल्या बायका गॅलरीतून हसायच्या. मग त्या रेघा कागदावर यायच्या. दोन पावसाळे असं चाललं. शेवटी जेवणाच्या टेबलाएवढा नकाशा झाला. तळं, त्याच्याभोवती चालायची वाट, बसचा थांबा, एका कडेला गाड्या, आणि मधलं खोलगट मैदान तसंच मोकळं. त्यावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ही जागा पाण्याची. मोटाभाई म्हणाले, बाकी सगळं गेलं तरी चालेल, एवढी जागा राहिली पाहिजे. सगळ्यांचं त्यावर एकमत झालं होतं. बडोद्यातल्या तीन प्रकारच्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत, मी तर नजरच काढणार होते.

सरकारी आराखडा आला तेव्हा त्यात त्या मैदानावरून सरळ रस्ता दाखवला होता आणि दोन्ही बाजूंना दुकानांचे प्लॉट. त्यावर हरकती मागवल्या होत्या. हरकतीला गुजरातीत वांधाच म्हणतात. नोटीस वाचून मी ह्यांना म्हटलं, "बघा, तुमच्याच नावानं बोलावणं आलंय." सगळे हसले. तेव्हा हसलो आम्ही.

सुनावणीच्या दिवशी आम्ही झाडून सगळे गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नकाशा नळीत घालून असा धरला होता, जशी काही नवरदेवाची कट्यारच. बा धुतलेला घागरा घालून माझ्या शेजारी मागच्या बाकावर बसली. सुनावणी घेणारे साहेब उशिरा आले, पण फार गोड माणूस. ह्यांचं आडनाव ऐकून मराठीत म्हणाले, "दांडिया बाजारचे का तुम्ही? माझे मास्तर तिथलेच होते." ह्यांचा चेहरा असा फुलला! तिथून पुढे हे साहेबांशी शुद्ध गुजरातीत बोलायला लागले. आमच्या घराण्याला ही खोडच आहे. चार पिढ्या इथे काढल्या, तरी अधिकाऱ्यापुढे आपलं गुजराती कच्चं दिसू नये म्हणून आम्ही पुस्तकी बोलणार.

नकाशा टेबलावर पसरला. हे चुन्याच्या रेघांचं सांगायला लागणार, तेवढ्यात शिपायानं चहा आणला आणि त्याचा हात नळीला लागला. कप आडवा. सगळा चहा नकाशावर. मी उठून उभीच राहिले. साहेब ओरडले, "अरेरे, नकशो बगड्यो!" हे रुमाल काढून टिपायला लागले. खाली मान, भराभर हात. शिपाई बिचारा रडकुंडीला आलेला, त्याला धीर द्यायला म्हणत होते, "वांधो नहीं, भाई, वांधो नहीं."

तेवढ्यात साहेबांनी आपला कागद पुढे ओढून विचारलं, "तो पछी, रस्तामां हवे वांधो नथी ने?" मग आता रस्त्याबद्दल वांधा नाही ना?

ह्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. निळ्या अक्षरांवरून चहा टिपत होते. चहाचंच चाललंय असं त्यांना वाटलं. आणि साहेबांनी 'नथी' म्हटलं म्हणून ह्यांनीही घरचं 'नहीं' सोडून दिलं आणि शुद्ध भाषेत म्हणाले, "नथी, साहेब. मने कंई वांधो नथी."

नहीं म्हणजे असू दे. नथी म्हणजे माझी हरकत नाही. एवढाच फरक. समोरच्या कारकुनानं ते लिहून घेतलं आणि पुढच्या लोकांची नावं पुकारली. मोटाभाई उठून म्हणाले, "साहेब, अमारो वांधो छे!" आमचा वांधा आहे! साहेब तितक्याच गोडीनं म्हणाले, तुमच्या वतीनं हे बोलले, त्यांना वांधा नाही, झालं. ह्यांना काय घडलं ते कळायला जिना उतरेपर्यंत वेळ लागला. परत वर धावले. दार लावलेलं होतं. नंतर अर्ज केले, चकरा मारल्या, पण नोंद झाली ती झाली.

लोक मला म्हणतात, त्यांनी आधीच ठरवलं असणार, रस्ता तसाही झाला असता. असेलही. पण ह्यांना ते कधीच कळलं नाही ना! आपल्या एका शब्दानं गेलं की नाही, हे कळायला काही वाटच नव्हती, आणि तेच त्यांना आतून खात राहिलं.

मोटाभाई दुसऱ्या रविवारी आले, बाहेरच उभे राहून म्हणाले, "तमे ज हा पाडी ने." तुम्हीच हो म्हणालात ना. आणि गेले. त्यानंतर रविवारी आमच्या दाराशी चपला दिसल्या नाहीत. इतके रविवार माझा चहा प्यायलेली माणसं, रस्त्यात भेटली की भाजीच्या पिशवीत बघायची. मला त्यांचा असा राग आला की एकदा मी भर दुकानात बोलणार होते, ह्यांनी दंड धरून घरी आणलं.

बा मात्र आली. तिचं तर सगळ्यात जास्त जाणार होतं, तळ्याची ती बाजूच रस्त्याखाली येत होती. दूध घातलं आणि आत बसलेल्या ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "वांधो नहीं, भाई. कंई वांधो नहीं." तिनं ते किती मायेनं म्हटलं! हे उठले, मोरीत गेले आणि नळ मोठा सोडला. मी दाराबाहेर उभी होते. नळाच्या आवाजातूनही ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून ह्यांनी तो शब्द टाकला. दूध उतू गेलं तर गप्प. मी मुद्दाम आमटी अळणी करून बघितली, निमूट जेवले. म्हणायचं झालंच तर "चालेल" म्हणायचे. मला त्या चालेलची चीड यायची. माझा हसरा नवरा कुणीतरी नेला आणि त्याच्या जागी हे चालेल आणून ठेवलं, असं वाटायचं.

मग ट्रक आले. मैदानात राडारोडा पडला, रस्ता झाला, काचेची दुकानं झाली. भरवाड कुठे दूर गेले, बा पुन्हा दिसली नाही. एका मोठ्या पावसात पाण्याला जायला जागा राहिली नाही, ते आमच्या घरात शिरलं आणि समोरच्यांच्याही. मोटाभाई गुडघाभर पाण्यात दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते. ह्यांनी कपाटावरून चुन्याची जुनी बादली काढली. मला वाटलं पाणी उपसायला. पाणी ओसरल्यावर बाहेर गेले आणि आमच्या भिंतीवर, मग मोटाभाईंच्या भिंतीवर, पाणी चढलं होतं तिथे एक एक रेघ मारून आले.  

त्यानंतर ह्यांची तब्येत ढासळत गेली. डॉक्टरांनी काय काय नावं सांगितली. मला त्याचं नाव माहीत होतं, पण ते डॉक्टरांच्या पुस्तकात नसतं.

दवाखान्यातली ती दुपार. मी दोन दिवस तिथेच होते. पिशवी उचलली आणि म्हटलं, "अहो, मी जरा घरी जाऊन येते. अंघोळ करते, तुमच्यासाठी पेज आणते. जाऊ ना?"

डोळे उघडले. मला वाटलं, चालेल म्हणतील.

म्हणाले, "नको. वांधो छे."

इतक्या वर्षांनी! मला आधी हसूच फुटलं. "काय म्हणालात?"

"मने वांधो छे." सावकाश, एकेक अक्षर सुटं, कचेरीत बोलावं तसं. आणि दोन बोटं माझ्याकडे हलवून म्हणाले, "लिहून घे."

माझ्याजवळ पेन नव्हतं. मी तळहात पुढे केला आणि बोटानं त्यावर लिहिलं. "लिहिलं," म्हटलं.

"वाच."

 मी तळहातावरून वाचलं, "ह्यांना वांधा आहे."

मान हलवली आणि डोळे मिटले. मी पिशवी खाटेखाली सरकवली आणि त्यांचा हात धरून बसले. पेज आणायची वेळ नंतर आलीच नाही.